त्रिकोणातला देव: श्रद्धेवर उभं असलेलं ख्रिस्ती प्रेमाचं नातं म्हणजे नेमकं काय?

एक त्रिकोण. खालच्या दोन कोपऱ्यांत ‘तो’ आणि ‘ती’, वरच्या टोकाला देव. दोघं आपापल्या बाजूने देवाकडे सरकत जातात, तसतसं त्यांच्यातलं अंतरही कमी होत जातं.

इन्स्टाग्रामवर ख्रिस्ती जोडप्यांचे रील्स पाहत असाल, तर हे चित्र एकदा तरी डोळ्यांखालून गेलं असेल. सोबत मागे गिटार, हातात बायबल, कॉफीचे दोन मग आणि ‘देव आमच्या नात्याच्या केंद्रस्थानी आहे’ अशी कॅप्शन. वसईपासून अहिल्यानगरपर्यंत चर्चच्या युवक गटांमध्ये वाढलेल्या मुलामुलींना ही भाषा नवी नाही.

पण देव केंद्रस्थानी असणं म्हणजे दोघांनी करायचं काय? रोज एकत्र प्रार्थना? लग्नाआधी स्पर्श नाही? नवऱ्याचं ऐकणं? की दुसऱ्या धर्माच्या व्यक्तीच्या प्रेमात पडायचंच नाही? यातलं किती बायबलमध्ये आहे, किती चर्चच्या नियमांत आहे आणि किती रील्समधून आलंय, हे वेगळं करून पाहायला हवं. कारण याच वाक्याच्या आधारे कोणी नातं सावरतं, तर कोणी समोरच्याला धाकात ठेवतं.

बायबलमध्ये ‘डेटिंग’ आहे का?

नाही. ज्या काळात ते लिहिलं गेलं, त्या काळात लग्नं घरच्यांनी ठरवायची असत. मुलामुलींनी एकमेकांना पारखून पाहण्याचा मधला टप्पा जवळपास नव्हताच. त्यामुळे पहिल्या भेटीला कुठे जावं किंवा मेसेजला किती तासांनी उत्तर द्यावं, याचं ‘बायबलसंमत’ उत्तर कोणी देत असेल, तर ते त्या व्यक्तीचं मत समजावं. ‘गीतरत्न’ नावाचं अख्खं पुस्तक प्रेमी युगुलाच्या ओढीबद्दल आहे, पण ते काव्य आहे, नियमावली नाही.

लग्नपत्रिकांवर झळकणारी वचनं मूळ संदर्भात वाचली की गंमत होते. तू जाशील तिथे मी येईन, अशा अर्थाचं रूथचं प्रसिद्ध वचन कितीतरी जोडप्यांच्या पत्रिकेवर असतं. मूळ कथेत ते विधवा सुनेने आपल्या सासूला दिलंय! प्रेम सहनशील आहे, परोपकारी आहे असं सांगणारा करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय बहुतेक ख्रिस्ती लग्नांत वाचला जातो. पौलाने तो लिहिला होता एका भांडकुदळ मंडळीला. गट पाडणाऱ्या, एकमेकांना कोर्टात खेचणाऱ्या माणसांना त्याने प्रेम म्हणजे काय ते सांगितलं. त्रिकोणाशी जोडली जाणारी तीन पदरांच्या दोरीची उपमा उपदेशकाच्या पुस्तकातली आहे. तिथेही विषय सोबतीचा आहे, फक्त नवरा-बायकोचा नाही.

म्हणून ही वचनं लग्नात वाचू नयेत असं अजिबात नाही. उलट यातून एक गोष्ट लक्षात येते. ख्रिस्ती शिकवणीत प्रेमिकांसाठी वेगळं, खास असं प्रेम नाही. शेजाऱ्याशी, सासूशी, भांडलेल्या माणसाशी जसं वागायचं, तसंच जोडीदाराशी वागायचं. फक्त इथे ते रोज, एकाच घरात आणि दमल्यावरही करावं लागतं.

लग्न लावतं कोण?

इथे एक गोष्ट अनेक ख्रिस्ती तरुणांनाही माहीत नसते. रोमन कॅथलिक परंपरेनुसार लग्न धर्मगुरू लावत नाहीत, ते वधू-वर स्वतः एकमेकांना देतात. धर्मगुरू चर्चच्या वतीने साक्षीदार असतात. दोघांची मुक्त संमती हाच विवाहाचा गाभा आहे आणि ती त्यांच्या जागी दुसरं कोणी देऊ शकत नाही, असं १९८३ च्या चर्च कायद्यात स्पष्ट लिहिलंय. बळजबरीने किंवा गंभीर भीतीपोटी झालेलं लग्न चर्चच्या दृष्टीने मुळातच अवैध ठरतं.

ही कल्पना आजची नाही. मध्ययुगीन युरोपात दोघांनी एकमेकांना एकांतात दिलेला शब्दही चर्च लग्न मानत असे. त्यातून फसवणुकीचे प्रकार इतके वाढले, की १५६३ मध्ये ट्रेंट येथील धर्मपरिषदेने धर्मगुरू आणि साक्षीदारांसमोरच लग्न झालं पाहिजे असा नियम केला. पद्धत बदलली, संमतीचं स्थान बदललं नाही.

आता हे आजच्या नात्याला लावून पाहा. ‘मला देवाने सांगितलंय की तूच माझी होणारी बायको आहेस’ हे वाक्य ऐकलेल्या मुली कमी नाहीत. ऐकायला रोमँटिक वाटतं. पण याला नाही म्हणायचं कसं? नाही म्हटलं, तर ते त्या मुलाला नसून देवालाच नाही म्हटल्यासारखं होतं. देवाचं नाव घेऊन समोरच्याचा नकाराचा हक्कच काढून घेतला जातो. जी परंपरा संमतीशिवाय लग्नच मानत नाही, तिच्या शिकवणीत हे कुठेच बसत नाही. प्रत्येक गोष्ट पारखून घ्या, असं पौल स्वतः लिहितो. पारखण्यात समोरच्याचं उत्तर ऐकणंही येतं. देव खरंच काही सांगत असेल, तर तो दुसऱ्या व्यक्तीलाही सांगू शकतो, एवढा विश्वास ठेवायला काय हरकत आहे?

‘अधीन राहा’चं काय?

ख्रिस्ती नात्यांवरच्या कुठल्याही चर्चेत इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय येतोच. पत्नीने पतीच्या अधीन असावं, हे त्यातलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधीचं वाक्य मात्र फारसं कोणाला आठवत नाही, आणि त्यात सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन व्हायला सांगितलंय. ग्रीक भाषेतल्या काही अतिप्राचीन हस्तलिखितांत तर पत्नीबद्दलच्या वाक्यात ‘अधीन’ हे क्रियापदच नाही, ते आधीच्या वाक्यातून घ्यावं लागतं. म्हणजे दोन्ही वाक्यं एकमेकांपासून तोडता येत नाहीत. पुढे पतीला मिळालेली सूचना तर जास्त लांब आणि जास्त कठीण आहे. ख्रिस्ताने मंडळीसाठी प्राण दिला, तसं प्रेम त्याने पत्नीवर करायचंय.

यावर चर्चमध्ये एकमत नाही. पती हा घराचा मस्तक आहे, हे शब्दशः मानणाऱ्या मंडळ्या आहेत आणि परस्पर अधीनतेवर भर देणारे अभ्यासकही आहेत. पण हुकूम सोडण्याचा परवाना म्हणून हा उतारा वापरायचा असेल, तर त्यातला अर्धा भाग झाकूनच ठेवावा लागतो.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातलं एक वाक्य आपल्याकडे तर आणखी बोचायला हवं. आईबापाला सोडून जोडीदाराशी एकरूप व्हायचं काम तिथे पुरुषाला सांगितलंय. ‘लेक सासरी जाते’ हे गृहीत धरणाऱ्या समाजात, ख्रिस्ती घरांतही, हे वाक्य चर्चमध्ये वाचलं जातं. मग सगळे जेवायला जातात आणि मुलगी सासरी जाते.

शरीर, मर्यादा आणि एका पुस्तकाची गोष्ट

लैंगिक संबंध लग्नासाठी राखून ठेवावेत, ही कॅथलिक चर्चची आणि बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांची शिकवण आहे. हे आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. ज्याला किंवा जिला या शिकवणीनुसार नातं जपायचंय, त्यांनी ते समोरच्याला सुरुवातीलाच सांगावं, आणि समोरच्याने ते थट्टेवारी नेऊ नये.

घोळ होतो तो ही शिकवण भीतीच्या भाषेत उतरते तेव्हा. रील्समधला बराचसा मजकूर अमेरिकेतल्या नव्वदच्या दशकातल्या ‘प्युरिटी कल्चर’मधून आलाय. १९९३ मध्ये तिथल्या सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांमधून लग्नापर्यंत थांबण्याची शपथ घेण्याची मोहीम सुरू झाली. १९९७ मध्ये जोशुआ हॅरिस या अवघ्या विशीतल्या तरुणाचं ‘आय किस्ड डेटिंग गुडबाय’ हे पुस्तक आलं आणि प्रचंड खपलं. डेटिंग बंद, त्याऐवजी घरच्यांच्या देखरेखीखाली लग्नाच्याच हेतूने ओळख, असा त्याचा सूर होता.

ते वाचून वाढलेली पिढी मोठी झाल्यावर बोलू लागली. आपल्या शरीराचीच लाज वाटते, एक चूक म्हणजे आपण कायमचे ‘डागाळलेले’ असं वाटतं, असे अनुभव, मुख्यतः मुलींचे, पुढे येत गेले. अखेर २०१८ मध्ये हॅरिसने पुस्तकाचं प्रकाशन थांबवत असल्याचं जाहीर केलं. २०१९ मध्ये तो आणि त्याची पत्नी वेगळे झाले आणि आपण आता ख्रिस्ती राहिलो नसल्याचंही त्याने सांगितलं. त्याच्या आयुष्यावर शेरे मारण्याचं कारण नाही. पण नियम पाळले की सुखी लग्न बक्षीस मिळणारच, हा सौदा त्या पुस्तकाने वाचकांशी केला होता. बायबलने तो केलेला नाही.

येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातही वासनेचा उल्लेख येतो. तिथे बोट दाखवलंय पाहणाऱ्याच्या नजरेकडे. जिच्याकडे पाहिलं जातं, तिच्या कपड्यांबद्दल एक शब्द नाही. युवक शिबिरांमध्ये मात्र कपड्यांची सूचना नेहमी मुलींनाच का मिळते, हा प्रश्न तिथे बसलेल्या मुलींनी विचारून पाहायला हरकत नाही.

जोडीदार वेगळ्या धर्माचा असेल तर?

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नाही. ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहे. कॉलेजात, ऑफिसात, लोकलच्या रोजच्या डब्यात भेटणारी बहुतेक माणसं ख्रिस्ती नसणार हे उघड आहे.

विरोधासाठी सर्रास पुढे केलं जाणारं वचन करिंथकरांस दुसऱ्या पत्रातलं आहे. विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर विजोड जू खांद्यावर घेऊ नका, असा त्याचा आशय. जुन्या करारात बैल आणि गाढव एकत्र जुंपू नये असा नियम होता, उपमा तिथली आहे. शेती माहीत असलेल्याला ती लगेच कळेल, कारण दोघांची चाल वेगळी असली की दोघांचीही मान सोलवटते. त्या उताऱ्यात लग्नाचा थेट उल्लेख नाही, पण सल्ला म्हणून ती लग्नाला लावली जाते आणि त्यात तथ्यही आहे. रविवारी सकाळी एकाला मिस्साला जायचंय आणि दुसऱ्याला त्याचा तिटकारा आहे, तर ते वर्षानुवर्षं टोचत राहणार.

मात्र तोच पौल पहिल्या पत्रात वेगळी परिस्थिती हाताळतो. जोडीदार विश्वास ठेवत नसेल, पण एकत्र राहायला तयार असेल, तर त्याला सोडू नका, असं तिथे सांगितलंय.

या शिकवणीची कसोटी पाहणारं एक लग्न मराठी वाचकाच्या चांगलं ओळखीचं आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या ब्राह्मण घरातल्या होत्या. नवऱ्याच्या या निर्णयाने त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. दोघं काही वर्षं वेगळे राहिले. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण स्वतःचा धर्म सोबत घेऊन. एका घरात ख्रिस्ती नवरा आणि सोवळं पाळणारी बायको असा संसार सुरू झाला. लक्ष्मीबाईंच्या मनातली जातीची भिंत आधी पडली, बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हे सगळं लिहून ठेवलंय, तेही नवऱ्याला देव्हाऱ्यात न बसवता. टिळक तापट होते, हातात पैसा टिकू देत नव्हते, हे त्या खुशाल सांगतात, आणि त्यांच्यावर किती जीव होता हेही लपवत नाहीत.

या गोष्टीत टिळकांच्या बाजूनेही एक हिशेब राहतोच. एवढा मोठा निर्णय त्यांनी पत्नीला सोबत न घेता केला आणि त्याची किंमत तिने मोजली. श्रद्धा कितीही खरी असली, तरी जोडीदाराला अंधारात ठेवलं की जखम होते. नंतरचा संसार टिकला, कारण लक्ष्मीबाईंना त्यांच्या वेगाने, त्यांच्या विचाराने चालू दिलं गेलं.

आज कॅथलिक चर्चमध्ये नियम काय आहे? स्नानसंस्कार न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायचं, तर बिशपांकडून विशेष सवलत घ्यावी लागते. ती न घेता केलेलं लग्न चर्च वैध मानत नाही. कॅथलिक जोडीदाराला आपली श्रद्धा टिकवण्याचं आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचं वचन द्यावं लागतं. दुसऱ्या जोडीदाराला याची कल्पना दिली जाते. त्याने किंवा तिने धर्म बदलावा अशी अट नसते. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये एकच नियम नाही, पाळकांशी बोलूनच कळतं.

कायद्याचा भाग वेगळा. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी लग्न होऊ शकतं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा मार्गही आहे, त्यात ३० दिवसांची नोटीस लागते. हिंदू विवाह कायद्याखाली मात्र दोघंही हिंदू असावे लागतात. एका ख्रिस्ती पुरुषाने हिंदू स्त्रीशी मंदिरात केलेलं आणि त्या कायद्याखाली नोंदवलेलं लग्न सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये वैध मानलं नाही. गोव्यात वेगळा नागरी कायदा लागू होतो. ‘आधी देवळात करून टाकू, मग बघू’ म्हणणाऱ्यांनी वकिलाला एक फोन नक्की करावा.

आणि एक अवघड गोष्ट. घरचे ‘आपल्या श्रद्धेचाच हवा’ म्हणतात, तेव्हा अनेकदा त्यांना ‘आपल्या समाजाचाच हवा’ असं म्हणायचं असतं. गोव्यातल्या कॅथलिकांत बामण, चारडो, सुदीर हे भेद अजून लग्नाच्या बोलण्यात डोकावतात. इतरत्रही ख्रिस्ती स्थळांच्या जाहिरातींत पोटसमाज विचारला जातो. ख्रिस्तात असले भेद उरत नाहीत असं पौल गलतीकरांना लिहून गेला. तेव्हा दोन ख्रिस्ती मुलामुलींच्या लग्नाला जातीवरून होणारा विरोध ‘श्रद्धे’च्या नावावर खपवू नये, इतकं तरी स्पष्ट असावं.

क्षमा करायची, पण किती वेळा?

सात वेळा नव्हे, सातांच्या सत्तर पट, असं येशूने पेत्राला सांगितलं. मारहाण सोसणाऱ्या कितीतरी बायकांना हेच ऐकवून घरी परत पाठवलं गेलंय.

हा संवाद मत्तयच्या अठराव्या अध्यायात आहे. त्याच अध्यायात, त्याच्या थोडंसंच आधी, कोणी तुमच्यावर अन्याय केला तर काय करायचं याची पायरी-पायरीने पद्धत दिलीय. आधी एकट्याने जाऊन त्याला तोंडावर सांगा. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्या. तरीही नाही ऐकलं तर मंडळीसमोर मांडा. गप्प बसून सोसा, अशी पायरी त्यात नाहीच. क्षमा म्हणजे मनात सूड न धरणं. पुन्हा मार खायला जाणं हा तिचा अर्थ नाही.

कॅथलिक चर्च घटस्फोट मानत नाही, हे खरं. पण जोडीदारापासून गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याचा अधिकार चर्च कायदाच देतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबावरच्या ‘आमोरिस लेटिशिया’ या दस्तऐवजात, दुबळ्या जोडीदाराला किंवा मुलांना हिंसेपासून वाचवण्यासाठी वेगळं होणं काही वेळा नैतिकदृष्ट्याही आवश्यक ठरतं, हे मांडलं. देशाच्या कायद्यात ख्रिस्ती जोडप्यांना परस्पर संमतीने घटस्फोटाची सोय २००१ च्या दुरुस्तीने मिळाली. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा सगळ्या धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे आणि लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्यांनाही त्याचं संरक्षण आहे. महिला हेल्पलाइनचा नंबर १८१.

मग रोजच्या जगण्यात हे दिसतं कसं?

रील्सपेक्षा बरंच साधं. एकत्र प्रार्थना करणारी जोडपी सांगतात तसं, भांडण झालेल्या दिवशी प्रार्थनेला बसणं सगळ्यांत अवघड असतं. अबोला धरून ‘आमच्या प्रभू’ म्हणणं जमत नाही, मग कोणीतरी आधी बोलतं. काही जण मिळून एखाद्या सेवाकार्यात जातात. समोरचा माणूस वाढप्याशी, रिक्षावाल्याशी, आजारी आजीशी कसा वागतो, हे कॉफीच्या टेबलावर कळत नाही, तिथे कळतं. काही जण नात्याबद्दल मोकळेपणाने बोलता येईल असं एखादं वडीलधारं जोडपं धरून ठेवतात. त्यांनी सल्ला द्यावा, पहारेकरी होऊ नये. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचा एक नियमही इथे कामाला येतो. मन काळवंडलेलं असताना आधी केलेला विचारपूर्वक निर्णय बदलू नका. रात्री दीड वाजता ब्रेकअपचा मेसेज टाइप करणाऱ्यांनी तो आठवावा.

कॅथलिक जोडप्यांना लग्नाआधी तयारीचा कोर्स करावा लागतो. अनेकांना तो कंटाळवाणी औपचारिकता वाटतो. पण पगार कोणाच्या खात्यात जाणार, मुलं कधी, आईवडील कुठे राहणार, राग आला की तू काय करतोस, हे प्रश्न कितीतरी जोडपी तिथेच पहिल्यांदा एकमेकांना विचारतात. पाच वर्षं प्रेमात असूनही!

त्यानंतर चर्चमध्ये लग्नाची आगाऊ घोषणा होते, कोणाला काही अडथळा माहीत असेल तर त्याने सांगावा म्हणून. आणि धर्मगुरू दोघांशी वेगवेगळं बोलतात. तेव्हा जोडीदार शेजारी नसतो, आईवडील बाहेर असतात, हॉलचं बुकिंग झालेलं असतं. विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत एक असतो: हे लग्न तू स्वतःच्या मर्जीने करते आहेस का, कोणाचा दबाव तर नाही? तोच प्रश्न लग्नाच्या दिवशी, शपथांच्या आधी, सगळ्यांसमोर पुन्हा विचारला जातो. ‘नाही’ म्हणायची मुभा तोपर्यंत असते.